कॅज्युअल्टीत हात कुठे बसवायचा? कोकणातल्या एमबीबीएसच्या मुलांसाठी धागा

खाडीकाठ
१९ मे, रात्री १०:१२

मी रत्नागिरी जिल्ह्यातली. कोकणातल्याच एका नव्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकते, तिसरं वर्ष नुकतंच संपलं. गेल्या रविवारी गावी होते. दुपारी आमच्या किनाऱ्यावर पुण्याहून आलेल्या एका मुलाला पाण्यातून काढलं. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. ओठ निळे, छाती हलत नाही. माणसं त्याला पालथा घालून पाणी काढत होती. "मी मेडिकलला आहे" असं ओरडत घुसले, त्याला उताणा केला आणि छाती दाबायला लागले.

मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, तीस दाबांमागे दोन श्वास, सगळं तोंडपाठ होतं. पण वाळू भुसभुशीत. दाबलं की छाती दबायच्या ऐवजी अख्खा मुलगाच वाळूत रुततोय. मला काही सुचेना. शेवटी शेजारचे मच्छीमार काका म्हणाले, "बाय, फळीवर घे त्याला," आणि होडीतली फळी काढून त्याच्या पाठीखाली सरकवली. तोंडाने श्वास तर मी दिलेच नाहीत. कॉलेजात एका प्रात्यक्षिकात नुसती छाती दाबायला शिकवलं होतं, तेवढंच हातात होतं. १०८ आली, त्यातल्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी मास्क लावून पिशवी दाबायला घेतली. मला म्हणाले, "बुडालेल्याला आधी हवा द्यायची."

मुलगा वाचला, नंतर कोल्हापूरला हलवला असं कळलं. पण तो माझ्यामुळे वाचला असं मला म्हणवत नाही. तेव्हापासून झोप नीट नाही.

मला इमर्जन्सी मेडिसिन शिकायचं आहे. आमच्या कॉलेजात त्याचा वेगळा विभाग नीट उभा राहिलेला नाही. इंटर्नशिपला अजून दीड वर्ष आहे. तोवर काय करता येईल? कुठले कोर्स खरंच उपयोगाचे? मुंबई-पुण्याला गेल्याशिवाय जमणारच नाही का?

---

रातांबा
१९ मे, रात्री ११:४०

तू थांबलीस आणि हात लावलास, हे आधी नोंदवून ठेव. बरीच डॉक्टर माणसं अशा वेळी गर्दीत मागे राहतात.

मी मूळचा चिपळूणचा, सध्या बाहेरगावी एमडी इमर्जन्सी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला. मुद्द्याचं सांगतो.

फक्त छाती दाबायची पद्धत (आपल्याकडे ती कॉल्स म्हणून शिकवतात) सामान्य माणसांसाठी आहे. रस्त्यात अचानक हृदय बंद पडून कोसळलेल्या माणसाच्या रक्तात काही मिनिटांचा ऑक्सिजन शिल्लक असतो, तो फिरवत ठेवला तरी काम होतं. बुडालेल्याचं उलट असतं. त्याचं हृदय बंद पडतं तेच प्राणवायू संपल्यामुळे. नुसतं दाबून निळं रक्तच फिरवत राहतो आपण. म्हणून तिथे श्वास आधी. समुद्रकाठच्या कॉलेजात हा फरक पहिल्या वर्षीच शिकवायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता संधी.

अभ्यासक्रमातच इलेक्टिव्ह आहे, म्हणजे आपल्या आवडीचा विभाग निवडून तिथे शिकायचा काळ. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात तो आला, तेव्हा दोन महिन्यांचा होता. आता एकूण एक महिना, पंधरा-पंधरा दिवसांचे दोन तुकडे. बहुतेक मुलं तो सोपा विभाग बघून काढतात. तू दुसरा तुकडा इमर्जन्सीसाठी माग. तुमच्याकडे विभाग नसेल तर जिथे एमडीचे निवासी डॉक्टर आहेत अशा कॉलेजला पत्र लिही. विभागप्रमुखांची सही, डीनमार्फत अर्ज, आणि निदान तीन महिने आधी. आयत्या वेळी गेलीस तर "जागा नाही" हेच उत्तर मिळेल.

इंटर्नशिपमध्ये २०२१ च्या नियमांप्रमाणे कॅज्युअल्टीचे दोन आठवडे, भूल विभागाचे दोन, आणि निवडीचे चार आठवडे असतात. हे सगळं जोडून घेतलंस तर दोन महिने होतात. कमी नाहीत.

कोर्सपैकी बीएलएस (जीव वाचवण्याचं प्राथमिक प्रशिक्षण) आणि एसीएलएस (त्याच्या पुढचं, हृदयविकारासाठीचं). बीएलएस एका दिवसाचा, एसीएलएस साधारण दोन दिवसांचा, कार्ड दोन वर्षं चालतं. बीएलएस आत्ताच कर. एसीएलएस मात्र इंटर्नशिपच्या तोंडावर कर. ईसीजी वाचता येत नसताना केलास तर पैसे वाया जातात आणि वापरायची वेळ येईपर्यंत कार्ड संपतं. केंद्र सरकारचा नेल्स नावाचा कोर्सही आहे, २०२१ च्या डिसेंबरात सुरू झाला. आपल्या इथल्या परिस्थितीला धरून केलाय, साप-विंचूसुद्धा त्यात आहेत. तो कुठल्या शासकीय कॉलेजच्या स्किल सेंटरला चालतो ते डीन ऑफिसात विचार.

---

ओवळी
२० मे, सकाळी ६:५५

नाइट संपवून लिहितेय. बावीस वर्षं स्टाफ नर्स आहे, त्यातली बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत.

बाळा, मुंबईला जाशील तेव्हा जा. आधी तुमच्या जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जून-जुलैच्या रात्री येऊन बस. भात लावणीच्या दिवसांत आमच्याकडे फुरसं हा विषारी साप चावलेल्या पेशंटची रीघ लागते. लावणीला गेलेली, गवत कापायला गेलेली, काळोखात परसात गेलेली.

एक गोष्ट सांगते. तुमच्या पुस्तकात ती एका ओळीत असेल. वीस मिनिटांची रक्ताची टेस्ट. नवी कोरडी काचेची नळी घ्यायची, शिरेतलं ताजं २ मिली रक्त त्यात सोडायचं, आणि नळी उभी ठेवून वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष रक्तात भिनलंय, गुठळी झाली तर आत्ता तरी नाही. इतकी साधी टेस्ट, पण मी ती चुकताना किती वेळा पाहिली आहे! एकदा एका नव्या डॉक्टरांनी साबणाने धुतलेली जुनी नळी वापरली. साबणाचा अंश राहिला की चांगलं रक्तही गोठत नाही. प्लास्टिकच्या नळीचंही तेच. दुसऱ्या वेळी नातेवाईक मध्ये मध्ये नळी हलवून बघत होते. म्हणून मी नळीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहिते आणि माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर ठेवते.

दुसरं. सर्पविषाची लस लावायच्या आधी ॲड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून, नाव लिहून उशाशी ठेवायचं. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. रिॲक्शन आल्यावर ॲम्प्युल शोधत बसायचं नाही. आणि लसीचा डोस मुलाला कमी, मोठ्याला जास्त असा नसतो. सापाने विष सोडताना वय बघितलेलं नसतं.

---

निवळशंख
२० मे, दुपारी २:२०

भूलतज्ज्ञ आहे, सिंधुदुर्गात. सिस्टरांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण एका बाबतीत माझा ठाम विरोध नोंदवतो.

अर्धवट शिकलेल्या विद्यार्थ्याने मरणाच्या दारातल्या माणसावर पहिला हात चालवायचा नाही. श्वसनमार्ग सांभाळणं रात्रीच्या कॅज्युअल्टीत शिकायची गोष्ट नाही. तिथे प्रकाश कमी, सक्शन चालेल याची खात्री नाही, पेशंटचं पोट भरलेलं, आणि शिकवणारा स्वतःच घाईत. ते शिकायची जागा म्हणजे सकाळचं ऑपरेशन थिएटर. पेशंट उपाशी आहे, मॉनिटर लावलेला आहे, शेजारी भूलतज्ज्ञ उभा आहे. मास्क नीट बसला नाही तर तो दोन सेकंदांत हातातून काढून घेतो आणि कोणाचं काही बिघडत नाही.

मुलं नळी घालायला, म्हणजे इंट्युबेट करायला आतुर असतात. मी आधी महिनाभर मास्कच धरायला लावतो. अंगठा आणि तर्जनी मास्कवर अर्धगोल, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडावर. हाडावरच, खालच्या मऊ भागावर नाही, तिथे दाबलं तर जीभ मागे ढकलली जाते. मास्क चेहऱ्यावर दाबायचा नसतो, जबडा उचलून मास्कमध्ये आणायचा असतो. हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणतो. दाढीवाला माणूस आणि कवळी काढलेली म्हातारी, या दोघांना नीट हवा देता आली की मग नळीचं बघू. एकट्याने जमत नसेल तर दोन्ही हातांनी मास्क धरा आणि दुसऱ्याला पिशवी दाबू द्या. त्यात कमीपणा नाही, उलट तीच चांगली पद्धत आहे.

---

ओवळी
२० मे, रात्री ८:०५

डॉक्टर, मास्कचं तुमचं शंभर टक्के बरोबर. मी तिला हात चालवायला नाही, बघायला बोलावते आहे. चालत आलेल्या माणसांपैकी कोण अर्ध्या तासात कोसळणार आहे, ते थिएटरात दिसत नाही. मण्यार चावलेलं पोर "पोटात दुखतंय" एवढंच म्हणत येतं, अंगावर खूणही सापडत नाही. पापण्या जड झाल्यात हे आईच्या आधी आपल्याला दिसायला हवं.

---

निवळशंख
२० मे, रात्री ८:३१

मान्य. बघायला रात्री, हाताला सकाळी.

---

गडनदी
२१ मे, सकाळी ११:१५

रायगड जिल्ह्यात वैद्यकीय अधिकारी होतो, आता निवृत्त. "मुंबई-पुण्याला गेल्याशिवाय जमणार नाही का" या प्रश्नावर मला महाडची आठवण द्यायची आहे.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा लाल विंचू चावलेल्या गंभीर पेशंटपैकी दहातले चार दगावत. अंग गार, दरदरून घाम, उलट्या, आणि मग फुफ्फुसात पाणी भरून तोंडातून फेस. लोक विंचू उतरवणाऱ्याकडे जात, कारण डॉक्टरकडेही काही नव्हतं. बावस्करांनी केलं काय, तर ते पेशंटच्या खाटेशी बसून राहिले. दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, हातापायाचा गारवा, सगळं लिहीत गेले. त्या नोंदींतून त्यांना कळलं की विष रक्तवाहिन्या आवळतं आणि हृदयावर भार टाकतं. त्यावरून पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा वापर सुरू झाला. ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०११ साली त्यांनीच प्रतिविष अधिक प्राझोसिन आणि नुसतं प्राझोसिन यांची तुलना ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडली. दोन्ही मिळून दिलं तर पेशंट लवकर सावरतो, असा निष्कर्ष निघाला. २०२२ ला पद्मश्री मिळाली.

जगातल्या पुस्तकांत आज जो उपचार आहे तो वातानुकूलित सिम्युलेशन लॅबमध्ये सापडलेला नाही. म्हणून मुलांना सांगतो, आयसीएमआरची विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून आहे, एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला दोन महिन्यांच्या कामासाठी विद्यावेतन मिळतं. आपल्याच रुग्णालयातली सर्पदंशाची वही घ्या. चावल्यापासून लस लागेपर्यंत किती वेळ गेला, आधी कुठे नेलं होतं, एवढंच नीट मांडा. तेवढं केलंत तरी तुमच्या तालुक्याच्या उपयोगी पडेल.

---

आंबोली_चढ
२१ मे, रात्री ९:५०

१०८ वर डॉक्टर आहे (बीएएमएस). रविवारी तुमच्या किनाऱ्यावर आलेला मी नव्हे, पण अशा केसेस माझ्याही झाल्यात.

ही सेवा राज्यात २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ मध्ये व्हेंटिलेटरसकट सगळी सोय, बाकीच्या ७०४ बेसिक. फोन पुण्याला जातो, तिथून गाडी सुटते. म्हणून फोन करताना "वडाच्या झाडापाशी" सांगून भागत नाही. तालुका, गाव, वाडी, हायवे असेल तर किलोमीटरचा दगड सांगायचा.

विद्यार्थ्याला गाडीत बसवायला वरून लेखी परवानगी लागते, कॉलेजच्या पत्राशिवाय ती मिळत नाही. पण मिळाली तर दोन शिफ्ट तरी या. हॉस्पिटलात पेशंट ट्रॉलीवर येतो. त्याआधी तो वाडीतून पायवाटेने डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणलेला असतो, हे तुमच्या केस-पेपरवर दिसत नाही. कलमाच्या आंब्यावरून घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन पडलेला माणूस. त्याला मदत म्हणून चौघे जण हातापायांना धरून उचलतात, आणि मणका तुटलेला असला तर तिथेच पाय कायमचे जातात. कंबर, खांदा आणि डोकं एका रेषेत ठेवून फळीवर कसं घ्यायचं, ते झाडाखालच्या उतारावर करून बघायला हवं. सपाट फरशीवर ते सगळ्यांनाच जमतं.

एक विनंती. पेशंट आणून देतो तेव्हा आमचं अर्धा मिनिट ऐकून घ्या. काय झालं, किती वाजता झालं, वाटेत काय दिलं, नाडी-रक्तदाब आधी काय होता आता काय आहे. बऱ्याच ठिकाणी गाडीतल्या डॉक्टरचं कोणी ऐकतच नाही आणि ती माहिती तिथेच मरते.

---

रापण
२२ मे, सकाळी ७:३०

माझो बापूस रापणीवर आसा. आमच्याकडे पाकट माशाचो काटो लागलो की पाय कढत पाण्यात ठेवतत. आजो सांगी. तां बरोबर आसा काय? गावातलो एक डॉक्टर बर्फ लाव म्हणता.

---

रातांबा
२२ मे, सकाळी ८:१०

आजोबा बरोबर. पाकटाचं विष उष्णतेने निकामी होतं आणि वेदना उतरते. पाणी साधारण ४५ अंशांपर्यंत, सोसवेल इतकंच, अर्धा ते दीड तास. दुखणाऱ्या पायाला चटका कळत नाही, म्हणून दुसरा चांगला पाय आधी बुडवून बघायचा. काट्याचा तुकडा आत राहतो, त्यामुळे जखम बघून घ्यायला आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला रुग्णालयात जायचंच. काटा छातीत किंवा पोटात घुसला असेल तर ओढून काढायचा नाही, तसाच ठेवून थेट हॉस्पिटल.

---

सातबारा
२२ मे, दुपारी ४:४५

माझा मुलगा इंटर्नशिप करतोय. इमर्जन्सी घेतो म्हणतो. पुढे कोकणात येऊन या शिक्षणावर पोट भरेल का? आणि एका खासगी हॉस्पिटलने तीन वर्षांचा एमईएम (मास्टर्स इन इमर्जन्सी मेडिसिन) कोर्स देऊ केलाय, नीट-पीजी परीक्षेची गरज नाही म्हणतात. घ्यावा का?

---

रातांबा
२२ मे, रात्री ११:०५

काका, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यात पैसे आणि वर्षं दोन्ही अडकतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची मान्यता आहे ती एमडी आणि डीएनबी इमर्जन्सी मेडिसिनला. एमडीला २००९ साली मान्यता मिळाली. एमईएम त्या यादीत नाही. त्यात शिकायला मिळत नाही असं मी म्हणत नाही, काही ठिकाणी काम भरपूर असतं. पण त्या पदवीवर कॉलेजात शिकवता येणार नाही, शासकीय तज्ज्ञ म्हणून पद मिळणार नाही. नीट-पीजी देऊन मान्यताप्राप्त जागा घ्यावी, असंच माझ्या भावाला सांगितलं असतं. आयुष्य परदेशात काढायचं असेल तर ब्रिटनच्या एमआरसीईएमच्या परीक्षा हा वेगळा रस्ता आहे.

पोट भरेल का? सिंधुदुर्गचा गंभीर पेशंट आज गोव्याला बांबोळीला जातो, रत्नागिरीचा कोल्हापूरला, रायगडचा मुंबईला. महामार्ग रुंद झाला तशा गाड्यांचा वेग वाढला. अलिबाग, रत्नागिरी, ओरोस इथे नवी शासकीय कॉलेजं आली, सावर्ड्याला खासगी कॉलेज आधीपासून आहे. या जागांना इमर्जन्सी शिकलेली माणसं लागणारच आहेत. मी परत यायचं ठरवलंय.

आणि एक, जे मुलांना माहीत नसतं. पदव्युत्तर शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. मोठ्या शहरातला इमर्जन्सीचा किंवा मेडिसिनचा निवासी तुमच्याच जिल्ह्यात आलेला असू शकतो. त्याला शोधा. तो एकटा असतो, जेवायची सोय नसते, बोलायला कोणी नसतं. घरचा डबा घेऊन जा आणि त्याच्याबरोबर ड्युटी करा.

---

तिसरी_बेंच
२३ मे, सकाळी १०:२५

मी दुसऱ्या एका कॉलेजातली. आमच्याकडे सीपीआरचा पुतळा दोन वर्षं कपाटात कुलूपबंद होता. "मोडला तर भरून कोण देणार?" असं उत्तर मिळायचं. मग आम्ही सहा जणींनी लेखी अर्ज दिला. मोडल्यास आम्ही भरून देऊ, दर बुधवारी चार ते पाच एवढीच वेळ, वहीत सही करून घेऊ आणि देऊ. अर्जावर नाही म्हणणं त्यांना जड गेलं. आता सगळ्या वर्षांची मुलं येतात. तोंडी मागितलं असतं तर अजून कपाटातच असता तो.

---

गडनदी
२३ मे, सकाळी ११:००

शाब्बास. आणि रस्त्यावर मदत करायला घाबरणाऱ्यांसाठी: मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४अ कलम आलंय. अपघातातल्या माणसाला सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, त्याला नाव-गाव सांगायची सक्तीही करता येत नाही.

---

खाडीकाठ
२९ जून, रात्री ९:२०

उशिरा लिहितेय, पण लिहिण्यासारखं आता झालंय.

निवळशंख सरांचा प्रतिसाद छापून आमच्या भूल विभागाच्या मॅडमना दाखवला. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, "उद्या साडेसातला ये." तीन आठवडे सकाळी जातेय. आत्तापर्यंत अकरा पेशंटना मास्क धरला. पहिल्या चौघांत मॅडमनी काढून घेतला. कडेने हवा सुटत होती, माझी बोटं मऊ भागावर सरकत होती. पाचव्या पेशंटला, एका कवळी काढलेल्या आजींना, छाती वर आलेली दिसली आणि मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा ९९ वर थांबला. मॅडम काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

ओवळी ताईंच्या सांगण्यावरून चार रात्री कॅज्युअल्टीत बसले. फुरशाचे दोन पेशंट आले. दुसऱ्याची नळी माझ्या ताब्यात दिली होती. वीस मिनिटं घड्याळाकडे बघत बसले, तिरकी केली, रक्त पाण्यासारखं वाहिलं. तो वीस वर्षांचा मुलगा आमच्याशी हसून बोलत होता. लस सुरू झाली, सहा तासांनी पुन्हा टेस्ट केली, तेव्हाही वाहिलं, पुन्हा लस. पहाटे सव्वापाचला गुठळी झाली.

इलेक्टिव्हसाठी दोन कॉलेजांना डीनमार्फत पत्रं गेली आहेत. बीएलएसची तारीख मिळाली आहे.

आणि गावी. सध्या मासेमारी बंद आहे, होड्या शाकारलेल्या, ३१ जुलैपर्यंत सगळी माणसं घरी. फळी देणाऱ्या काकांना विचारलं, ते सोसायटीच्या शेडमध्ये वीस-पंचवीस जणांना जमवतो म्हणाले. तिसरी_बेंचसारखाच अर्ज लिहून कॉलेजचा पुतळा दोन दिवसांसाठी मिळवला. येत्या शनिवारी दुपारी तीनला बसतोय. श्वास कसे द्यायचे, फळीवर कसं घ्यायचं, पालथा घालून पाणी का काढायचं नाही. रातांबा दादा, तू त्या आठवड्यात चिपळूणला असलास तर नक्की ये. शेडमध्ये घालायला वाळू काका आणून ठेवणार आहेत. मीच सांगितलं, फरशीवर नको.